दोन हंगाम आणि एक उन्हाळा

वाइनच्या लेबलवर छापलेले साल म्हणजे द्राक्षे काढली ते वर्ष. बाटली कधी भरली किंवा दुकानात कधी आली, हे त्यावरून कळत नाही. स्पेनमध्ये लाल वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. नाशिककडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी आणि जानेवारी ते मार्चच्या सुमारास तोडणी, असा क्रम असतो. म्हणून एकच साल छापलेल्या दोन बाटल्यांपैकी नाशिकची वाइन स्पेनच्या वाइनपेक्षा सहा-आठ महिन्यांनी जुनी असते. दोन हंगामांची तुलना एकाच उत्पादकाच्या, एकाच नावाच्या वाइनमध्ये केली तरच तिला अर्थ राहतो.

हंगामाचा फरक हवामानातून येतो. रिओहा या स्पॅनिश भागातील नियामक मंडळ दर हंगामाला श्रेणी देते. तेथे २०१० आणि २०११ हे हंगाम 'उत्कृष्ट' ठरले, तर थंड आणि पावसाळी २०१३ केवळ 'चांगला' ठरला. पाऊस वेळी-अवेळी आला की द्राक्षात साखर कमी भरते, आंबटपणा उरतो आणि बुरशीचा धोका वाढतो. नाशिकच्या बागायतदाराला हेच भय अवकाळीचे असते. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील पावसाने तेथील द्राक्षबागांचे मोठे नुकसान केले होते.

स्वस्त वाइनमध्ये मात्र हा फरक मुद्दाम कमी केलेला असतो. उत्पादक वेगवेगळ्या बागांची वाइन एकत्र करून दरवर्षीची चव जवळपास सारखी ठेवतो. युरोपीय नियमानुसार साल छापायचे तर त्या वर्षाची द्राक्षे किमान ८५ टक्के असावी लागतात. उरलेला भाग दुसऱ्या वर्षाचा चालतो. टेम्प्रानियो किंवा गार्नाचा द्राक्षाची, ओकच्या पिंपात न मुरवलेली साधी लाल वाइन दोन-तीन वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते. रिओहाची 'क्रियांसा' किमान दोन वर्षे मुरते आणि त्यातले किमान एक वर्ष पिंपात जाते, म्हणून ती थोडी अधिक टिकते. अशा बाटल्यांत लागोपाठच्या दोन हंगामांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक लागला, तर पहिला संशय हंगामावर घेऊ नये.

वऱ्हाडात संशयाला मोठी जागा उन्हाळ्याची आहे. वाइन ठेवण्यासाठी १२ ते १५ अंश सेल्सिअस तापमान उत्तम मानतात. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो आणि अमरावतीही फार मागे नसते. उष्णतेने बाटलीतील द्रव फुगून बूच वर सरकते. थंडावा आला की तो आकसतो आणि बुचाच्या कडेने हवा आत ओढली जाते. फळाचा ताजा वास आधी जातो. मग शिजलेल्या मनुकांसारखा वास येतो, रंग विटकरी होतो आणि चव सपक किंवा आंबट लागते.

अकोल्यातील एका घरचा अनुभव बोलका आहे. एका टेम्प्रानियोची जुन्या हंगामाची बाटली हिवाळ्यात घेतलेली होती आणि तिचा पूर्ण उन्हाळा स्वयंपाकघरातील माळ्यावर गेला. नव्या हंगामाची बाटली दिवाळीनंतर आली. दोन्ही एकत्र उघडल्यावर जुनी विटलेली निघाली आणि 'तो हंगामच वाईट होता' असा निकाल लागला. पुढे त्याच जुन्या हंगामाची दुसरी बाटली अमरावतीच्या नातेवाइकांकडे मिळाली. ती उन्हाळाभर फ्रीजमध्ये होती. तिचा रंग लाल, वास फळाचा आणि नव्या हंगामाशी फरक अगदी थोडा होता. बिघाड माळ्यावरचा होता, मळ्यातला नव्हता.

यावरून खरेदीचे काही नियम निघतात. दोन्ही बाटल्या एकाच दुकानातून, एकाच वेळी आणि शक्यतो हिवाळ्यात घ्याव्यात. काचेच्या दर्शनी कपाटात उन्हात उभ्या असलेल्या बाटल्या टाळाव्यात. बूच वर आलेले असेल किंवा झाकणाखाली चिकट ओघळ असेल, तर बाटली परत करावी. फिरकीच्या झाकणात ही खूण दिसत नाही. घरी उन्हाळ्यात बाटल्यांना फ्रीजचा खालचा कप्पाच बरा. कूलरच्या खोलीत हवा दमट होते, पण ती वाइनला पुरेशी थंड नसते.

वाइनसाठी महाराष्ट्रात २१ वर्षे पूर्ण असणे आणि मद्यसेवनाचा परवाना आवश्यक आहे. शिवाय वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. नागपूरहून अमरावतीला येणारा महामार्ग तळेगाव-कारंजा घाडगे भागातून, म्हणजे वर्धा जिल्ह्यातूनच येतो आणि रेल्वेही वर्ध्यावरून येते. म्हणून नागपूरहून बाटल्या आणण्यापेक्षा आपल्याच जिल्ह्यातील परवानाधारक दुकानातून घेणे शहाणपणाचे. आयात वाइनवरील करांमुळे स्पेनमध्ये स्वस्त असलेली बाटली येथे स्वस्त राहत नाही. दोन बाटल्यांचा खर्च वाया जाऊ नये, हेही काळजीचे कारण आहे.

तुलनेच्या दिवशी दोन्ही बाटल्यांचे तापमान सारखे, १६ ते १८ अंशांच्या आसपास असावे. वऱ्हाडी उन्हाळ्यात 'खोलीचे तापमान' हे माप चालत नाही, कारण गरम वाइनमध्ये मद्यार्काचा भपका फळाला झाकतो. पेले सारखे घ्यावेत आणि जुनीत गाळ असल्यास ती अलगद ओतावी. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून क्रमांक दुसऱ्याने घालावेत. सर्वांत खात्रीची रीत तीन पेल्यांची: दोनांत एक हंगाम, तिसऱ्यात दुसरा, आणि वेगळा पेला ओळखायचा. नुसत्या अंदाजानेही तीनांतून एकदा उत्तर बरोबर येते, म्हणून ही चाचणी क्रम बदलून पुन्हा करावी. प्रत्येकाने बोलण्याआधी आपले मत लिहून ठेवावे. तोंडी लावायला कोरडी भाकरी पुरे. ठेचा आणि झणझणीत रस्सा नंतर, कारण तिखटाने मद्यार्काची आग वाढते आणि तुरटपणा अधिक बोचतो.

निकाल लावताना वयाची वजावट करावी लागते. जुनी बाटली एका वर्षाने मोठी असल्यामुळे तिचा तुरटपणा थोडा मऊ आणि फळाचा वास थोडा मंद असणे स्वाभाविक आहे. आंबटपणा, अंगाचा भरीवपणा आणि मद्यार्काचा जोर यांतील फरक हंगामाचा असू शकतो. लेबलवरील मद्यार्काची टक्केवारी त्याला दुजोरा देते. त्याच दोन हंगामांची दुसरी जोडीही तसाच कौल देत असेल, तर तो फरक हंगामाचा मानायला हरकत नाही.