टोई पोपट आणि त्याची ढोली

पोपट म्हटला की हिरवे अंग, लाल चोच आणि गळ्यातला गोफ एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. तो कंठवाला पोपट. परंतु त्याचा एक देखणा भाऊबंद आपल्याच रानांत राहतो, आणि त्याची ओळख आपल्यापैकी फार थोड्यांना असते. त्याचे नाव टोई किंवा तुईया पोपट. उडता उडता तो ‘टुई, टुई’ असा साद घालीत जातो. कंठवाल्याच्या कर्कश ओरडण्यापेक्षा हा आवाज कितीतरी गोड. मी तर आधी कान देतो, मग मान वर करतो.

साळुंकीएवढे अंग आणि त्याला लांब, निमुळती शेपटी. एकूण लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर. त्यातली निम्म्याहून अधिक शेपटीचीच. नराचे डोके पिकलेल्या आलुबुखारासारखे लालसर जांभळे असते. त्याखाली काळी बारीक कंठी, खांद्यावर तांबडा डाग आणि शेपटीच्या टोकाला पांढरा ठिपका. मादीचे डोके करडे-निळे, गळ्याला पिवळसर पट्टा, आणि खांद्यावर डाग नाही. पिल्लांचे डोके हिरवेच. त्यामुळे एका थव्यात तीन जातींचे पोपट आहेत की काय, असे नवख्याला वाटावे. लिनीयसने १७६६ साली या पक्ष्याला ‘निळ्या डोक्याचा’ अशा अर्थाचे शास्त्रीय नाव दिले. माझ्या मते ते नरापेक्षा मादीलाच अधिक शोभते!

हा पक्षी भारतीय उपखंडाचाच रहिवासी. हिमालयाच्या पायथ्यापासून श्रीलंकेपर्यंत तो आढळतो. पानझडीची राने आणि झाडीने वेढलेली शेते त्याला आवडतात. फळे, बिया आणि धान्य हा त्याचा आहार. शिवाय पळस-सावरीच्या मांसल पाकळ्याही तो खातो. कणसांत दाणा भरला की थवेच्या थवे शेतात उतरतात, म्हणून शेतकरी त्याच्यावर खूश नसतो, हेही खरे.

आपल्याकडे त्याचा विणीचा हंगाम साधारणतः डिसेंबर ते एप्रिल. मादी ४ ते ६ पांढरी, गोलसर अंडी घालते आणि सुमारे तीन आठवडे ती उबवते. पिल्ले उडू लागायला पुढे सहा आठवडे तरी लागतात. हे सारे घडते झाडाच्या ढोलीत. काटक्या जमवून घरटे बांधणे ही पोपटाची रीत नव्हे. कुजलेल्या, मऊ लाकडात तो थोडेफार कोरतो. नाहीतर सुताराने किंवा तांबटाने कोरून सोडलेले भोक रुंद करून घेतो. म्हणजे दाणापाणी भरपूर असले, तरी ढोली नसेल तर वीण नाही.

माझा मुद्दा हाच आहे. गावाकडे वठलेले झाड ‘निरुपयोगी’ ठरते आणि पहिल्यांदा त्याच्यावरच कुऱ्हाड पडते. जळणाची गरज खोटी नाही. पण पक्ष्याच्या हिशेबात ते झाड म्हणजे भरवस्तीतला वाडा. दुसरा घाला पारध्यांच्या व्यापाराचा नव्हे, तर आपल्या हौसेचा. पिल्ले विकत घेणारा आहे म्हणूनच ढोलीत हात घालणारा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपले रानपोपट पकडणे, विकणे, पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे, तरीही घरोघरच्या ओसरीवर पिंजरे टांगलेले दिसतातच.

आपण विद्यार्थ्यांनी मोठी आंदोलने करावीत असे मी म्हणत नाही. आपल्या शिवारातले एखादे पोकळ झाड राखावे, आणि घरी कुणी पिंजरा आणू म्हणाले तर ‘नको’ म्हणावे. एवढे केले तरी टोईची पुढची पिढी उडेल.