लिनक्सवर फॅक्स : आधी मॉडेमला विचारा



संगणक कक्षाचे कपाट आवरताना एक जुना मॉडेम निघाला. मुलांनी विचारले, "सर, हा डबा कशाचा?" त्याचेच हे उत्तर.

२००६ साली एका विद्यार्थिनीच्या शिष्यवृत्तीचा कागद त्याच दिवशी फॅक्सने भोपाळला पाठवायचा होता. शाळेच्या लिनक्स संगणकात मॉडेमचे कार्ड होते, पण ते मुके. शेवटी बुधवाऱ्यातून धावत दुकान गाठले आणि कागद कसाबसा वेळेत गेला. कार्ड खराब आहे, असे सर्वांनी ठरवून टाकले.

ते खराब नव्हते. ते 'विनमॉडेम' होते. अशा स्वस्त कार्डाचे बरेचसे काम विंडोजमधील प्रोग्राम करतो, आणि लिनक्ससाठी तो प्रोग्राम बहुधा मिळत नसे. सिरीयल पोर्टला जोडायचा बाहेरचा मॉडेम आपले काम स्वतः करतो, म्हणून आम्ही तो आणला.

मॉडेम फॅक्सच्या उपयोगाचा आहे का, हे त्यालाच विचारता येते. मिनिकॉम उघडून रोमन अक्षरांत 'एटी+एफक्लास=?' टाइप करावे. उत्तरात १, २ किंवा २.० आले तर फॅक्स जमतो. फक्त ० आले तर जमत नाही. वर्ग १ मध्ये समोरच्या यंत्राशी बोलणी संगणक करतो, वर्ग २ मध्ये ती मॉडेम सांभाळतो.

पुढचे काम हायलाफॅक्सचे. हा मुक्त प्रोग्राम मुळात सॅम लेफलर यांनी लिहिला.

१) 'फॅक्ससेटअप' चालवून मूळ मांडणी करावी.
२) 'फॅक्सअॅडमोडेम'ला पोर्ट, देशाचा क्रमांक ९१ आणि बुऱ्हाणपूरचा ७३२५ सांगावा.
३) येणाऱ्या फॅक्ससाठी 'फॅक्सगेटी' चालू ठेवावा.

मग कक्षातील कोणत्याही संगणकावरून कागद पाठवता येतो. घोस्टस्क्रिप्ट त्याचे टिफ चित्र बनवते, कागद रांगेत लागतो, आणि समोरची लाईन व्यस्त असल्यास सर्व्हर थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो.

आज बहुतेक कागद ई-मेलने जातात. इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनवर फॅक्सचे सूर तुटतात, त्यामुळे हा प्रयोग करायचा तर साधी तांब्याच्या तारेची लाईन बरी.

पण एक गोष्ट आजही लागू आहे. 'खराब' असा शिक्का मारण्याआधी, याला काय येते आणि कोणाच्या मदतीने येते, हे विचारून पाहावे. वर्गात मागे पडलेल्या मुलाबाबत तर आम्हा शिक्षकांनी हे आधी करावे.

— प्राचार्य