दत्तकाचे दोन मार्ग

शास्त्रपाठ : निर्गम २:१-१०, एस्तेर २:५-११, याकोब १:२७



असे समजा की, नोकरीनिमित्त लखनौ येथे स्थायिक झालेले एक मराठी ख्रिस्ती दांपत्य आहे. लग्नाला बारा वर्षे झाली, परंतु घरात मूल नाही. दोघांनी प्रार्थनापूर्वक दत्तक घेण्याचे ठरविले व शासनाच्या यादीत नाव नोंदविले. प्रतीक्षा मात्र वर्षानुवर्षांची. इतक्यात ओळखीची एक दाई सांगते, "एका अविवाहित मुलीचे बाळंतपण पुढल्या महिन्यात आहे. थोडा खर्च द्या. जन्माच्या दाखल्यावर तुमचीच नावे घालू." आपण त्यांच्या जागी असतो तर काय केले असते?

१. शास्त्रातील दोन लेकरे

मोशे आईपासून दुरावलेले बालक होता. त्याला परक्या घराने आपलेसे केले. एस्तेर अनाथ होती; तिला तिचाच चुलतभाऊ मर्दखय याने मुलगी मानले. एक परक्यांकडे गेला, दुसरी नात्यातच वाढली. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपण मूळचे कोणाचे, हे मोशेला व एस्तेरला ठाऊक होते. त्यांचे मूळ पुसले गेले नाही.

२. ख्रिस्ती कुटुंब आणि कायदा

१९५६ चा दत्तकविषयक कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांच्यापुरता आहे. त्यात आईबापांनी मूल थेट देणे व दुसऱ्यांनी घेणे मान्य आहे. मात्र त्याबदल्यात पैसा देणेघेणे त्यातही निषिद्ध आहे. ख्रिस्ती कुटुंबांना दीर्घकाळ १८९० च्या कायद्याखाली केवळ पालकत्व मिळे. मूल सज्ञान झाले की ते पालकत्व संपे, आणि त्यातून वारसाहक्क मिळत नसे. बाल न्याय कायदा २००० साली आला व २००६ साली त्यात दुरुस्ती झाली, तेव्हा हे दार उघडले. ते कोणत्याही धर्माच्या व्यक्तीस खुले आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शबनम हाश्मी खटल्यात स्पष्ट केले. आज २०१५ चा कायदा लागू आहे. त्यानुसार काका, आत्या, मामा, मावशी व आजीआजोबा यांना नात्यातील मूल दत्तक घेता येते. पण तेथेही जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. दाईने सुचविलेली वाट या दोहोंत कोठेच बसत नाही.

३. संस्थेचा मार्ग लांब का?

भारतीय मुले परदेशी दत्तक देण्यातील गैरप्रकारांविषयी लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले. त्या पत्रालाच याचिका मानून न्यायालयाने १९८४ साली दंडक घालून दिले. पुढे १९९० साली 'कारा' ही केंद्रीय यंत्रणा उभी राहिली.

या मार्गावरील प्रत्येक पायरी कोणाचे तरी रक्षण करते. आईने बालकल्याण समितीपुढे मूल सोपविल्यावर तिला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. घरभेटीतून दांपत्याची तयारी पाहिली जाते. मूल पाच वर्षांचे वा मोठे असल्यास त्याचीही संमती घेतात. दत्तकानंतर दोन वर्षे विचारपूस चालते. मर्दखयही एस्तेरचे क्षेमकुशल जाणण्यास दररोज अंतःपुराच्या अंगणासमोर फिरत असे, हे आठवावे.

४. जवळच्या वाटेचे मोल

खोट्या दाखल्याने मिळालेले मूल कायद्याने दत्तक होत नाही. उद्या वारसाचा प्रश्न निघाला, तर हाती आदेश नाही. आजारपणात रक्ताच्या नात्याची माहिती लागली, तर नोंद नाही. विहित पद्धत डावलून मूल दिले वा घेतले, तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. मुलाच्या खरेदीविक्रीस पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख दंड आहे. याहून मोठी गोष्ट ही की, ज्या घरात मुलाला सत्य शिकवायचे, त्या घराचा पायाच असत्यावर घातला जातो.

५. मग दांपत्याने काय करावे?

त्या मुलीकडे पाठ फिरवू नये. तिला बालकल्याण समितीची वाट दाखवावी, तिच्याबरोबर जावे, आणि बाळ स्वतःजवळ ठेवण्याची तिची इच्छा असल्यास मंडळीने तिला आधार द्यावा. येथे एक कठीण गोष्ट सांगितली पाहिजे : तिने बाळ सोपविले, तरी ते याच दांपत्याला मिळेल असे नाही. यादीत त्यांच्यापुढे इतर आहेत. रिकाम्या पाळण्याकडे पाहत असे करणे सोपे नव्हे. परंतु अनाथांचा समाचार घेणे म्हणजे आपली उणीव भरून काढणे नव्हे. त्या लेकराचे हित आधी पाहणे होय. तान्ह्या बाळाचा आग्रह सोडून थोर वयाच्या किंवा विशेष गरजा असलेल्या मुलाचा विचार करावा काय, हेही दांपत्याने प्रार्थनेत ठेवावे. अशी मुले घराची वाट पाहत आहेत.

चिंतनासाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीतील निपुत्रिक दांपत्यास आपण धीर देतो की टोचून बोलतो?
२. अडचणीत सापडलेली अविवाहित माता आपल्या दाराशी येण्यास धजेल काय?
३. दत्तक मुलास त्याच्या जन्माविषयीचे सत्य केव्हा व कसे सांगावे?