पाल्यासाठी संगणक : निवड आणि पारख

गावातील पालकास मुलासाठी संगणक घ्यावयाचा झाला म्हणजे तो बहुधा प्रथम शाळेत येतो. दुकानदाराच्या शब्दावर त्याचा भरवसा नसतो. शहरातील नातेवाईक आपापल्या ऐपतीप्रमाणे सल्ला देतात. घरात या विषयाचा जाणकार कोणी नसतो. सोयाबीनचे वा कापसाचे पैसे हाती आल्यावर त्यांतून पंधरा-वीस हजार रुपये बाजूला काढणे ही अल्पभूधारक कुटुंबाच्या दृष्टीने मोठीच गोष्ट होय. असा खर्च वर्षभरात वाया गेला तर थोरल्याचा अभ्यास अडतोच, शिवाय धाकट्या मुलीच्या वेळी तोच खर्च पुन्हा करण्यास वडील धजत नाहीत. सबब शिक्षकाने या बाबतीत जे सांगावयाचे ते माहितीवर आधारून सांगावे.

पहिली ते चौथीच्या मुलास स्वतंत्र संगणकाची गरज नाही, हे पालकास निःसंकोचपणे सांगावे. ‘दीक्षा’वरील पाठ पाहण्यास व बालभारतीची पुस्तके उघडण्यास घरातील मोबाइल पुरेसा आहे. पुढील इयत्तांत प्रकल्प लिहिणे, तक्ते करणे, मजकूर टंकित करणे ही कामे येतात व तेथे कळफलक लागतो. टॅबलेट पाहण्यास सोयीचा, लिहिण्यास गैरसोयीचा. केवळ किंमत कमी ठेवून भागत नाही, याचा अनुभव देशाने पूर्वी घेतलेला आहे. केंद्र शासनाने २०११ साली विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ हा स्वस्त टॅबलेट मोठ्या अपेक्षेने पुढे आणला. परंतु त्याच्या पहिल्या आवृत्तीचा पडदा बोट जोराने दाबल्याखेरीज दाद देत नसे आणि यंत्रही मंद होते.

आजही बाजारात फसगत होते ती मुख्यतः नव्या, अतिस्वस्त लॅपटॉपच्या बाबतीत. खोके कोरे असते, हमीपत्र असते, किंमत आवाक्यातील असते. आत मात्र रॅम ४ जी.बी. आणि साठवण ६४ जी.बी. एवढीच असते. विंडोज ११ या प्रणालीची किमान अटही नेमकी हीच आहे. परंतु ३५ गुण मिळाले म्हणजे विषय आला असे शिक्षक मानीत नाहीत. तोच न्याय येथे लावावा. रॅम म्हणजे वर्गातील फळा समजावा. त्यावर चालू काम मांडले जाते आणि संगणक बंद होताच ते पुसले जाते. फळा लहान असेल तर गुरुजींना निम्मे पुसून पुन्हा लिहावे लागते. लहान रॅमचा संगणक अडखळतो तो याच कारणाने. रॅम ८ जी.बी. असावी. या स्वस्त यंत्रांत रॅम व साठवण पुष्कळदा मुख्य पट्टीवरच डाखलेली असते, त्यामुळे पुढे वाढवूही म्हटले तरी वाढविता येत नाही. प्रणालीच्या सुधारणा उतरू लागल्या की साठवणही भरून जाते.

त्याच पैशांत कार्यालयीन वापरातून निघालेला, दुरुस्त करून विकला जाणारा चांगल्या बांधणीचा लॅपटॉप मिळू शकतो व बहुतेक कुटुंबांस तोच अधिक हितावह ठरतो. मात्र येथे पारख लागते. संगणकाच्या अंगावरील ‘आय-७’ ही चिकटपट्टी पाहून भुलू नये. पूर्ण क्रमांक यंत्र सुरू करून सेटिंगमध्ये पाहावा. इंटेलच्या आय-५-८२५० मध्ये पहिला अंक ८, म्हणजे आठवी पिढी. आय-३-१०११० मध्ये पहिले दोन अंक १०, म्हणजे दहावी. आय-७-४६०० हा मात्र चौथ्या पिढीचा. नाव मोठे असले तरी विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने तो ग्राह्य धरलेला नाही, आणि त्याहून साधा वाटणारा आय-३-१०११० ग्राह्य आहे. ही बाब आता विशेष महत्त्वाची झाली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, आणि जी यंत्रे विंडोज ११ वर जाऊ शकत नाहीत ती स्वस्तात विकावयास निघाली. सामान्यतः आठव्या पिढीच्या अलीकडचे यंत्र घ्यावे.

अगोदरच घरात आलेले जुने यंत्र टाकून द्यावे असे मात्र नाही. त्यावर लिनक्स मिंटसारखी विनामूल्य प्रणाली बसविता येते; लिबरऑफिस हा लेखनाचा व तक्त्यांचा संचही विनामूल्य असून तो मराठीत उपलब्ध आहे. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून तेथे एस.एस.डी. बसविली तर जुन्या यंत्रात जेवढा फरक पडतो, तेवढा दुसऱ्या कोणत्याही लहान खर्चाने पडत नाही.

वापरलेले यंत्र घेताना पालकाने दुकानात घाई करू नये. चार्जर काढून निदान अर्धा तास यंत्र चालवावे, म्हणजे बॅटरीचा कस कळतो. प्रत्येक कळ दाबून पाहावी, बिजागरी उघडून मिटून पाहावी, आपल्या मोबाइलचे इंटरनेट त्यास जोडावे, कॅमेरा व ध्वनी तपासावा. विंडोज अधिकृत असल्याची नोंद सेटिंगमध्ये दिसते. ती नसेल तर विक्रेत्यास तसे विचारावे. पक्के बिल घ्यावे आणि हमी किती महिन्यांची हे त्यावर लिहून घ्यावे. तोंडी हमीस अर्थ नाही. हातातील सर्व रक्कम यंत्रावर खर्च न करता माउस, पिशवी व किरकोळ दुरुस्ती यांसाठी काही भाग राखून ठेवावा.

घरात जागा असेल तर टेबलावरील संगणकाचाही विचार व्हावा. कार्यालयातून निघालेला असा संच लॅपटॉपपेक्षा स्वस्त पडतो, पडदा मोठा असतो आणि एखादा भाग बिघडल्यास तेवढाच बदलता येतो. तो ओसरीत वा माजघरात ठेवला म्हणजे मूल काय करीत आहे हे घरच्यांस सहज दिसते. अडचण विजेची. वीज गेली की तो तत्क्षणी बंद पडतो व अर्धवट लिहिलेला निबंध जातो. यू.पी.एस. घ्यावयाचा तर खर्च वाढतो. ज्या गावात भारनियमनाचा वा कमीअधिक दाबाचा त्रास नित्याचा आहे, तेथे लॅपटॉपच बरा.

मराठी टंकलेखनासाठी वेगळे यंत्र किंवा विकतची आज्ञावली लागत नाही. विंडोज, लिनक्स व अँड्रॉइड या तिहींवर युनिकोड मराठी विनामूल्य लिहिता येते. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली प्रमाणित केलेला इन्स्क्रिप्ट कळफलक मुलांस प्रारंभापासूनच शिकवावा. त्यात स्वर डाव्या हाताकडे व व्यंजने उजव्या हाताकडे येतात, आणि हीच मांडणी हिंदी, गुजराती, कन्नड लिहितानाही उपयोगी पडते. जुन्या फॉन्टमध्ये टंकित केलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर अनेकदा निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. शिक्षकांनीही आपले अहवाल युनिकोडमध्येच ठेवणे इष्ट.

एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. शिक्षकाने विशिष्ट दुकानाचे नाव सुचवू नये, तसेच खरेदीत मध्यस्थ होऊ नये. यंत्र बिघडले की तक्रार शाळेच्या दारात येते, आणि मनात नसलेला संशयही गावात उत्पन्न होतो. त्याऐवजी पालकसभेच्या दिवशी शाळेतील संगणक उघडा ठेवून त्याचा क्रमांक, रॅम व साठवण कोठे पाहावयाची ते प्रत्येक पालकाकडून स्वतः पाहवून घ्यावे. आई सभेस आली असेल तर तिच्या हातूनही ते करून घ्यावे. दुकानात घासाघीस बहुधा तीच अधिक नेटाने करते.