तापते पाणी आणि माशाचा श्वास

वैशाखात गावतळ्याचे पाणी आटू लागले की पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतात. एखाद्या सकाळी ते मरून तरंगतात. कुणी त्यात देवीचा कोप पाहतो, कुणी शेजाऱ्यावर विषप्रयोगाचा संशय घेतो. पुष्कळदा दोन्ही खोटे असते. पाण्यातील प्राणवायूच संपलेला असतो. कारणाशिवाय कार्य घडत नाही, ही तथागतांची शिकवण ज्या विद्यालयाचा पाया आहे, त्याच्या स्मरणिकेत या कारणाचा शोध घेणे आम्हांस उचित वाटते. हा शोध तळ्यापाशी थांबत नाही; तो अरबी समुद्रापर्यंत जातो.

प्रथम साठ्याचा विचार करू. चुलीवर ठेवलेल्या पातेल्यातील पाणी उकळण्यापूर्वीच कडांना बारीक बुडबुडे धरते. ती पाण्यात विरघळलेली हवा होय. पाणी जितके तापते, तितकी त्याची वायू धरून ठेवण्याची शक्ती कमी होते. समुद्राचे एक लिटर पाणी ०° सेल्सिअसला सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू सामावू शकते. २०° ला सुमारे साडेसात आणि ३०° ला जेमतेम सहा. आपण ज्या हवेत श्वास घेतो, तिच्या एका लिटरमध्ये सुमारे पावणेतीनशे मिलिग्रॅम प्राणवायू असतो. माशाची शिदोरी मुळातच किती तुटपुंजी आहे, हे यावरून ध्यानी यावे.

आता खर्चाची बाजू. आपल्या शरीराचे तापमान बाहेर थंडी असो वा ऊन, जवळजवळ स्थिर राहते. बहुतेक माशांचे तसे नाही. भोवतालच्या पाण्याचे तापमान तेच त्यांच्या शरीराचे. पाणी तापले की त्यांच्या देहातील रासायनिक क्रिया वेगाने चालू लागतात. सहन होण्याच्या मर्यादेत तापमान १०° ने वाढले, तर प्राणवायूची गरज साधारणपणे दुप्पट, कधी त्याहूनही अधिक होते. जीवाणूंनाही हाच नियम लागू आहे. म्हणजे साठा घटतो आणि त्याच वेळी मागणी वाढते. मजुरी कमी व्हावी आणि त्याच महिन्यात घरात खाणारी तोंडे दुप्पट व्हावीत, तशी ही अवस्था होय. पहाटे ती सर्वांत बिकट असते. कारण रात्रभर पाणवनस्पती प्राणवायू निर्माण करीत नाहीत, पण खर्च मात्र सर्वांचा चालू असतो.

याच्या उलट उदाहरण दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्रात आढळते. तेथील हिममाशांच्या रक्तात हिमोग्लोबिनच नसते, म्हणून ते रक्त लाल दिसत नाही. तरीही ते जगतात. कारण गोठणबिंदूजवळच्या त्या पाण्यात प्राणवायू मुबलक आणि शरीराची गरज अल्प असते.

आता आपल्या समुद्राकडे वळू. १९३३-३४ मध्ये 'मबाहिस' या इजिप्शियन जहाजावरून निघालेल्या जॉन मरे मोहिमेने अरबी समुद्राची पाहणी केली. तेथील मधल्या खोलीवर प्राणवायू अत्यल्प असल्याचे तिच्या नोंदींतून दिसून आले. सुमारे दीडशे-दोनशे मीटरपासून हजार मीटरच्याही खाली हा पट्टा पसरलेला आहे. मोसमी वाऱ्यांमुळे खालचे पोषक पाणी वर येते, सूक्ष्म वनस्पती विपुल वाढतात, मेल्यावर खाली बुडतात आणि त्या कुजवताना जीवाणू प्राणवायू संपवतात. उत्तरेस आशियाची भूमी असल्याने ताज्या पाण्याला तिकडून वाट नाही. पावसाळ्यात हेच प्राणवायूहीन पाणी आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ तळावर चढते; वर पावसाच्या गोड्या, हलक्या, उबदार पाण्याचा थर झाकणासारखा बसतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या घटनेचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे.

पृथ्वी तापत असताना हे झाकण अधिक घट्ट होते, कारण उबदार पाणी हलके असल्याने खालच्या पाण्यात सहज मिसळत नाही. १९६० नंतरच्या पन्नास वर्षांत जगातील महासागरांनी आपला सुमारे दोन टक्के प्राणवायू गमावला. हा आकडा लहान वाटेल; परंतु जेथे आधीच टंचाई आहे, तेथे थोडी घटही जीवघेणी ठरते. खालून प्राणवायू आटला की मोठे, चपळ मासे वरच्या पातळ थरात दाटीवाटीने राहू लागतात आणि जाळ्यात सहज सापडतात. तेव्हा भरलेले जाळे म्हणजे संपन्न समुद्र, असे समजण्याची चूक आपण करू नये. पुढे त्याची किंमत प्रथम चुकवतो तो लहान होडीचा मच्छीमार. दूरच्या समुद्रात जाण्याचे सामर्थ्य त्याच्याजवळ नसते, आणि समुद्र तापवण्यातील त्याचा वाटाही नगण्य असतो.

विद्यार्थ्यांना हा धडा देताना जिवंत मासा तापत्या पाण्यात टाकून प्रयोग करू नये. प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे शील आपण घेतले आहे. एक तापमापी आणि एक वही पुरेशी आहे. उन्हाळ्यात पहाटे आणि दुपारी तळ्याच्या पाण्याचे तापमान नोंदवावे, मासे कोठे व कसे वावरतात ते लिहावे. अशी वही ज्या मुलीच्या हाती असेल, ती मेलेले मासे पाहून कोप शोधणार नाही आणि शेजाऱ्यावर आळही घेणार नाही. ती विचारील, काल रात्री पाणी किती तापलेले होते?