चार नांगर आणि एक रात्र

वाचन : प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७



भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर दरवर्षी १० फेब्रुवारीला संत पौलाच्या जहाजफुटीचा सण साजरा होतो. ही घटना इ.स. ६० च्या सुमाराची. संत लूकने ती बारकाईने लिहून ठेवली आहे. आज आपण त्यातील नांगरांचा विचार करू या.

जहाज क्रीट बेटाच्या ‘सुंदर बंदर’ नावाच्या जागी थांबले होते. हिवाळा तोंडावर होता. ‘पुढे जाऊ नका,’ असे कैदेत असलेल्या पौलाने सांगितले. पण शताधिपतीने तांडेलाचे आणि जहाजमालकाचे ऐकले. दक्षिणेचा मंद वारा सुटताच नांगर उचलला गेला. थोड्याच वेळात ईशान्येचे वादळ आले आणि जहाज भरकटले.

चौदाव्या रात्री खलाशांना जमीन जवळ आल्याची चाहूल लागली. त्यांनी पाणी मोजले, तेव्हा २० वाव, म्हणजे सुमारे ३७ मीटर भरले. थोडे पुढे गेल्यावर ते १५ वाव झाले. अंधारात खडकावर आपटू नये म्हणून त्यांनी जहाजाच्या मागच्या बाजूने चार नांगर टाकले. असे केल्याने जहाज फिरत नाही, त्याचे तोंड किनाऱ्याकडेच राहते.

परंपरेनुसार ही जागा म्हणजे आजचा सेंट पॉल्स बे. हा उपसागर इतर बाजूंनी निवाऱ्याचा आहे, पण ईशान्येचा वारा थेट आत शिरतो. म्हणजे त्या रात्री निवारा नव्हताच. जहाज तरले ते नांगरांच्या पकडीवर. नांगर केवळ वजनाने धरत नाही. त्याचा दात चिखलात किंवा वाळूत रुतावा लागतो. त्यासाठी दोर पाण्याच्या खोलीच्या कितीतरी पट लांब सोडावा लागतो. दोर आखूड असला तर ओढ वरच्या दिशेने बसते आणि नांगर सुटतो.

मग एक मोह आला. पुढून आणखी नांगर टाकतो, असे सोंग करून खलाशी छोटी होडी घेऊन पळू लागले. पौलाने शताधिपतीला सावध केले, ‘हे जहाजावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही.’ शिपायांनी होडीचे दोर कापले. उजाडण्याच्या सुमारास पौलाने सर्वांना धीर दिला, देवाचे आभार मानून भाकर मोडली आणि सगळे जेवले. जहाजावर २७६ माणसे होती.

सकाळी वाळूचा किनारा दिसला. तेव्हा त्यांनी तेच नांगर कापून समुद्रात सोडून दिले आणि जहाज किनाऱ्याकडे हाकले. जहाज फुटले, पण माणूस एकही दगावला नाही.

बंधुभगिनींनो, नांगराने वादळ थांबत नाही. उजाडेपर्यंत आपण जागेवर राहतो, एवढेच. घरात आजारपण, कर्ज किंवा भांडण आले की आपणही अंधारातच निर्णय घेऊन मोकळे होतो. कधी मदतीचे सोंग करून स्वतःपुरती होडी सोडतो. पौल मात्र सर्वांबरोबर जहाजावरच राहिला. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात (६:१९) आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे, ते याच अर्थाने.

चिंतनासाठी :
१. मंद वारा पाहून मी कोणाचा सावधगिरीचा सल्ला डावलला आहे?
२. आमच्या घरात अडचणीच्या वेळी छोटी होडी कोण सोडतो? मीच तर नाही ना?
३. उजाडल्यावर मला कोणता नांगर कापून टाकावा लागेल?