झाडाखालचा आंबा कुणाचा?

भोरहून निरा-देवघर धरणाच्या काठाने वरंध घाटाकडे निघालं की हिर्डोशीचं खोरं लागतं. खाली भाताची खाचरं, वर नाचणी-वरईची वरकस जमीन आणि त्या वरकसात मधूनमधून आंब्याची कलमं. रोजगार हमीला जोडलेली फळबाग योजना 1990 साली आली आणि जिथे नाचणीही धड पिकत नव्हती अशा उतारांवर राज्यभर आंबा लागला. आमची केशरची कलमं त्याच वाऱ्याची. झाडांनी फळ धरलं आणि पाठोपाठ फळमाशीने झाडं धरली. तिच्याशी भांडता भांडता जे हाती लागलं ते आठवेल तसं लिहितो.

1. माशी आधी ओळखा. नासक्या आंब्यावर घोंघावतात ती चिलटं. ती सडल्यावर येतात, त्यांच्यावर राग काढून उपयोग नाही. फळमाशी येते ती चांगल्या, झाडावरच्या, तयार होत आलेल्या फळावर. आकाराने घरमाशीएवढी, रंगाने तपकिरी-पिवळी, छातीवर पिवळे पट्टे, पंख पारदर्शक; पहिल्यांदा बघणाऱ्याला लहानशी गांधीलमाशी वाटते. सकाळी फळावर शांतपणे चालताना दिसली तर समजा, जागा शोधते आहे. मादीच्या शेपटाला सुईसारखी नळी असते. ती सालीत खुपसून आत अंडी घालते आणि निघून जाते. त्या जागी टाचणी टोचल्याएवढा ठिपका राहतो, कधी डिंकाचा थेंब येतो. पेटी भरताना तो कुणाला दिसत नाही.

आणि साका म्हणजे फळमाशी नव्हे. आंबा कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा गर निघतो तो फळाच्या आतला बिघाड आहे, त्यात अळी नसते. दोन्हींना एकच शिवी घालणारे गिऱ्हाईक भेटतं, पण दोन्हींवर उपाय एक नाही.

2. आढीत अळी पडत नाही, ती आढीत घेऊन जातो आपणच. अंडं दोन-तीन दिवसांत फुटतं, अळी आठवडाभर गर खाते. म्हणजे उतरवताना जो आंबा डाग नसलेला, कडक, हिरवा होता तोच पेंढ्यातून काढताना पिळपिळीत निघतो. मग पेंढ्याला दोष, आढी घालणाऱ्या बाईला दोष. दोष झाडावर फळ जास्त दिवस ठेवण्याचा असतो. पाड लागायची वाट बघत सगळं झाड थांबवलं तर माशीला तेवढे दिवस बक्षीस मिळतात, कारण फळ जसं पिकायला येतं तशी तिची ओढ वाढते. खांदे भरले, देठाजवळ खळगा पडला की उतरवायला घ्या. रोहिणीच्या सरी पडल्यावर उरलेल्या फळावर माझा तरी भरवसा नसतो. उन्हाळ्याच्या शेवटी, वळवाच्या पावसाबरोबर माशी झपाट्याने वाढते आणि आमच्या खोऱ्यातला आंबा मुळातच उशिराचा. कोकणात हंगाम सरत येतो तेव्हा इथे कुठे पाड दिसायला लागतो.

3. सापळा भरला म्हणून बाग वाचली असं होत नाही. हा धडा सगळ्यात महाग आहे, म्हणून जरा सविस्तर.

कामगंध सापळ्यात मिथाईल युजेनॉलचा बोळा असतो. त्याचा वास नर माशीला वेड लावतो, फक्त नराला. अंडी घालणारी मादी त्याकडे ढुंकून बघत नाही. या गोष्टीचा शोध भारतातच लागला. बिहारमधल्या पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेत हॉवलेट नावाचा इंग्रज कीटकशास्त्रज्ञ होता. सिट्रोनेलाच्या तेलाकडे फळमाशीचे नर धावतात हे त्याने 1912 साली छापलं आणि 1915 पर्यंत त्यातलं नेमकं द्रव्य कोणतं, तिथवर तो पोचला. आपल्या तुळशीतही ते असतं. आज दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा असो की दुकानात मिळणारा पिवळ्या झाकणाचा डबा, मूळ तत्त्व तेच.

आता नर मारून मादी वांझ राहील का? राहील, पण जवळजवळ सगळे नर मेले तर. एक नर अनेक माद्यांना पुरतो. पॅसिफिक महासागरातल्या रोटा नावाच्या बेटावर 1960च्या दशकात अमेरिकनांनी याच वासात आणि विषात भिजवलेले तुकडे विमानातून टाकले आणि बेटावरची फळमाशी संपवली. पण ते बेट होतं, चारी बाजूंनी समुद्र. आमच्याकडे घाट उतरला की महाड आणि इकडे भोरपर्यंत झाडंच झाडं. एकट्याच्या बागेत सापळे लावले की शेजारचे नर मरायला आपल्याकडे येतात आणि शेजारच्या माद्या अंडी घालायला. डब्यात मेलेल्या माश्यांचा थर बघून समाधान मात्र खूप मिळतं.

तरीही सापळे लावा. फळ तयार व्हायच्या दीड-दोन महिने आधी, सावलीत, फांदीच्या आत, पावसाचं पाणी जाणार नाही असे, एकरी चार-सहा. बोळ्याचा वास उडतो, तो हंगामात बदलावा लागतो. मला त्याचा खरा उपयोग पंचांगासारखा होतो: माश्या वाढायला लागल्या की काढणीची घाई करायची.

4. माशी वर दिसते, तिचं घर खाली आहे. पोट भरलं की अळी फळातून बाहेर पडते, उड्या मारत मातीत शिरते आणि वरच्या चार-सहा बोटांतच कोष करते. साधारण दहा दिवसांत नवी माशी. म्हणून गळलेला आंबा रोज उचलणं हे फळमाशीवरचं सगळ्यात मोठं औषध आहे, आणि बिनपैशाचं असल्यामुळे ते कुणी घेत नाही.

उचललेला आंबा कुठे टाकता यालाही महत्त्व आहे. उकिरड्यावर टाकलात तर माशीला पाळणाघर बांधून दिलंत. बांधापलीकडे भिरकावला तर शेजाऱ्याला भेट. पुस्तकात दोन फूट खोल पुरा म्हणतात. आमच्या मुरुमात दोन फूट खणून बघा, पहार बोलायला लागते. त्यापेक्षा जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरून, तोंड घट्ट बांधून भर उन्हात ठेवावेत. मे महिन्याचं ऊन आठवडाभरात सगळं उकडून काढतं. म्हशीला घालायचे तर कापून आणि त्याच दिवशी. उन्हाळ्यात झाडाखालची माती हलवली की कोष उघडे पडतात, मग गावठी कोंबड्या आणि मुंग्या उरलेलं काम करतात. कोंबड्यांना यासाठी कुठली योजना लागत नाही.

5. दुकानदार देईल तो बोळा घेऊ नका. पावसाळ्यात मांडवावर काकडी, दोडका, कारलं असतं. त्यांना डंख मारणारी माशी वेगळी आणि तिच्या नराला लागणारा वासही वेगळा: क्यू ल्युअर. आंब्याचा बोळा काकडीच्या मांडवात टांगून ठेवला तर मांडवाला शोभा येते, एवढंच. वेष्टनावर नाव वाचून घ्या.

6. फवारणीने अळी मरत नाही, ती आत बसलेली असते. काढणीच्या तोंडावर फळावर मारलेलं औषध माशीपेक्षा आपल्या नातवंडांच्या पोटात जास्त जातं. मारायचंच असेल तर गुळाच्या पाण्याचं विषारी आमिष करून फळ सोडून खोडावर, फांद्यांवर ठिपके द्यावेत. मादीला अंडी पोसायला खाणं लागतं, ती चाटायला येते. औषध कोणतं आणि किती, हे कृषी सहायकाला विचारा, आणि मधमाश्या घरी गेल्यावर संध्याकाळी मारा.

7. पिशवी सगळ्यात खात्रीची. फळ अंड्याएवढं झालं की कागदी पिशवी घालायची. डागही पडत नाही, माशीलाही साल सापडत नाही. बुटक्या कलमाला जमतं, मजुरी मात्र जपून मोजा. घराजवळचे पेरूही असेच झाका. पावसाळ्यातल्या पेरूतच माशी आंब्यानंतरचे दिवस काढते.

8. बाजार अळीला किती घाबरतो हे मोठ्या बागायतदारांना विचारा. फळमाशीच्या धास्तीने जपानने आपला आंबा वीस वर्षं घेतला नाही, 2006 साली दार उघडलं. भारतातून गेलेल्या मालात फळमाशी सापडली म्हणून युरोपने 1 मे 2014 पासून आपल्या आंब्याला बंदी घातली, ती पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला उठली. त्यासाठी आंब्याला 48 अंशांच्या गरम पाण्यात तासभर बसावं लागतं. अमेरिकेला जायचं तर विकिरण. लासलगावचं केंद्र त्यासाठी 2007 पासून कामाला लागलं. भोरच्या बाजारात यातलं काही नाही. तिथे गिऱ्हाईक घरी जाऊन आंबा कापतं आणि अळी दिसली की पुढच्या वेळी दुसऱ्या टोपलीकडे वळतं. त्याची बंदी कुठल्या कागदावर येत नाही आणि उठतही नाही.

9. रायवळ कुणाचं, हा खरा प्रश्न. खोऱ्यात जुनी, उंच रायवळ झाडं भावकीच्या सामाईक बांधावर आहेत. अर्धे मालक मुंबईत, काही पुण्यात, काही धरणामुळे उठून गेलेले. त्या झाडांवर चढायला माणूस नाही. बिटक्या पिकतात, पडतात, झाडाखाली सडा पडून राहतो. उचलला तर वाटेकरी विचारतात, आमचे आंबे कुणी नेले? म्हणून कुणी हात लावत नाही आणि सगळ्या वाडीची माशी तिथे वाढते. माझ्या कलमांचे सापळे, पिशव्या, सगळं त्या एका झाडाखाली वाया जातं. सापळ्यांवर अनुदान मिळतं, पण भावकीची संमती कुठल्या योजनेत बसत नाही.

आमच्या वाडीत आता एवढं ठरलंय की पडलेला आंबा उचलणाऱ्याचा, झाडावरचा मालकाचा. सगळ्यांनी मानलेलं नाही, पण ज्यांनी मानलं त्यांच्या बाजूच्या कलमांत फरक दिसतो. तेव्हा मे महिन्यात गावी येणाऱ्या मंडळींना विनंती आहे: परत जाताना आपल्या झाडाखालचे आंबे उचलायला एखाद्या शेजाऱ्याला सांगून जा, आणि चार वाटेकऱ्यांनाही तसं फोनवर कळवा.